विणकाम शिकायला इटलीत कशाला?



आमच्या महाविद्यालयापासून चार कोसांवर एका गावात माझे एक स्नेही प्राथमिक शिक्षक आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. मागे एकदा दिवाळीच्या सुटीत ते घरी आले ते जरा अस्वस्थच होते. त्यांच्या मुलीने नवी मुंबईत खारघरला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत चार वर्षे निटवेअरचा, म्हणजे सुयांवर विणलेल्या कपड्यांच्या रचनेचा, अभ्यासक्रम पुरा केला होता. आणि आता तिला पुढच्या शिक्षणासाठी इटलीला जायचे होते. गुरुजी म्हणाले, "सर, पोरगी डॉक्टरी शिकायला परदेशी गेली, तर चारचौघांत सांगता येतं. विणकाम शिकायला गेली म्हणून काय सांगू? स्वेटर तर तिची आजीसुद्धा घरबसल्या विणते. तिला कुठं कोणी इटलीला पाठवलं होतं?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. उलट टाका कोणता आणि सुलट टाका कोणता, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. पण गुरुजींचा प्रश्न मनात घर करून राहिला. घरबसल्या येणारी गोष्ट विद्या केव्हा होते? आणि या विद्येसाठी मुले इटलीतच का जातात? थोडेफार वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या भाषेत मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात आणि सुंभाने बाजही विणतात. तिन्ही कामांना शब्द एकच, पण कामे निरनिराळी. मागावर ताण्याचे उभे धागे ताणून धरलेले असतात आणि बाण्याचा आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. सुयांवर तसे नाही. तिथे एकच धागा असतो. त्याचा एक फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढून काढायचा, त्यातून तिसरा. नुसती फासांची साखळी. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. एक सुती रुमाल घ्या आणि एक जुना बनियन घ्या. रुमाल धाग्याच्या दिशेने ओढा, ताणत नाही. बनियन ओढा, हवा तसा ताणतो. मग भिंगातून पाहा. बनियनच्या बाहेरच्या अंगाला बाणाच्या टोकांसारख्या लहान लहान खुणांच्या रांगा दिसतील. आतल्या अंगाला उंचवटे दिसतील. एकाच टाक्याची ही सुलट आणि उलट बाजू. आपल्या अंगावरचा बनियन हा स्वेटरचा सख्खा भाऊ आहे, हे मुलांना फार गमतीचे वाटते.

आता या फरकातून एक मोठी गोष्ट निघते. मागावरचे कापड आधी तयार होते आणि मग शिंपी त्यावर कातर चालवतो. सुयांवरच्या विणकामात कापड आणि कपडा एकदमच जन्माला येऊ शकतात. बाही निमुळती करायची, तर टाके कमी करीत जायचे. छातीशी रुंदी हवी, तर टाके वाढवायचे. म्हणजे कपड्याची रचना करणाऱ्याला नुसते कागदावर चित्र काढून भागत नाही. सूत किती जाड, त्याला पीळ किती, एका इंचात सुया किती, धुतल्यावर तो कपडा आक्रसेल किती, हे सगळे त्याला आधी ठाऊक असावे लागते. हे धरून पुढे चलू या; कारण इटलीचे रहस्य बरेचसे इथेच आहे.

इटलीत हे काम फार जुने आहे. तोमाझो दा मोदेना नावाचा एक चित्रकार चौदाव्या शतकात होऊन गेला. त्याने काढलेले येशूच्या मातेचे एक चित्र बोलोन्या शहराच्या चित्रालयात आहे. त्यात ती माउली अनेक सुयांवर गोल विणकाम करीत बसली आहे. चित्रकाराने देवाच्या आईच्या हाती सुया दिल्या. अर्थात त्याच्या ओळखीच्या घरांत बायका असे विणताना त्याने पाहिले असणारच. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १५६२ साली, फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी एलेओनोरा वारली. तिला पुरताना तिच्या पायांत तांबड्या रेशमाचे हाताने विणलेले मोजे होते. ते मोजे आजही फ्लॉरेन्सला पित्ती राजवाड्यातील वस्त्रसंग्रहालयात जतन केलेले आहेत. हा राजवाडा या एलेओनोरानेच विकत घेतला होता. त्याचे नाव ध्यानात ठेवा. आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

यंत्र मात्र इटलीत जन्मले नाही. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट तयार केली. सांगतात की, एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, कारण हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल अशी तिला भीती वाटली. ली फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. पुढे १८६३ साली अमेरिकेत आयझॅक लॅम्ब याने सपाट विणयंत्र काढले. त्यात सुयांच्या दोन रांगा छपराच्या दोन पाख्यांसारख्या समोरासमोर असतात, आणि वरून एक गाडा हाताने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ओढायचा. एका फेरीत टाक्यांची एक ओळ पुरी. हे यंत्र टेबलावर मावते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहते. इटलीच्या बायकांचे पुढचे सारे भाग्य, आणि भोगही, या एका गोष्टीत आहेत.

उत्तर इटलीत पो नदीच्या मैदानात, त्याच मोदेना शहराच्या जवळ, कार्पी नावाचे गाव आहे. कित्येक शतके हे गाव टोप्यांसाठी प्रसिद्ध होते. नदीकाठी वाळुंजाच्या जातीची झाडे होत. त्यांच्या लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढायच्या, घरोघरच्या बायका त्यांच्या वेण्या गुंफीत, आणि व्यापारी त्या वेण्यांच्या टोप्या करून परदेशी धाडीत. पुढे लोक उघड्या डोक्याने हिंडू लागले, टोपीचा धंदा बसला आणि महायुद्धानंतर गावापुढे प्रश्न उभा राहिला की आता खायचे काय? गावात कारखाने थोडे. पण दोन गोष्टी शिल्लक होत्या. घरी बसून वेण्या गुंफणारे हजारो सराईत हात होते आणि देशोदेशींची गिऱ्हाइके ओळखणारे व्यापारी होते. या दोघांच्या मधे विणयंत्र येऊन बसले. व्यापारी सूत आणून देई, बाई घरी पाठ, पोट आणि बाह्या विणी, तिसऱ्या घरची बाई ते तुकडे टाक्याला टाका मिळवून जोडी, चौथी इस्त्री करी. १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कार्पीचे स्वेटर साऱ्या युरोपात जाऊ लागले.

आपल्याकडे सिन्नरला किंवा सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया पानतंबाखू घरी आणतात आणि वळलेल्या विड्या मोजून देतात. कार्पीची रीत पुष्कळशी तशीच होती. नगावर मजुरी. यंत्र बहुधा बाईनेच हप्त्यावर घेतलेले. दिवसभर गाड्याची खडखड, रात्री जेवणे आटोपल्यावर पुन्हा खडखड. मोठी मागणी आली की झोप नाही. मागणी ओसरली की कामच नाही. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांची तरतूद कोणी करायची? व्यापारी म्हणे, ही माझी कामगार नव्हे. सरकारी कागदांत ती गृहिणी असे. घरचे म्हणत, फावल्या वेळात चार पैसे मिळवते. दहा-बारा तास चाललेल्या कामाला फावला वेळ म्हणण्याची ही रीत केवळ इटलीतच होती, असे मात्र समजू नका.

इटलीच्या संसदेने १९५८ साली घरी काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो दुबळा ठरला. मग १९७३ च्या डिसेंबरात दुसरा, अधिक कडक कायदा झाला. यंत्र बाईच्या मालकीचे असले, तरी जो तिला काम देतो आणि कसे करायचे ते ठरवतो त्याची ती कामगारच, असे त्याने मानले. मजुरी संघटनांच्या कराराला धरून द्यायची, कामाची नोंद वहीत ठेवायची, आरोग्याला घातक पदार्थांचे काम घरी द्यायचे नाही, अशी बंधने घातली. पळवाटाही निघाल्या. पुष्कळ ठिकाणी बाईची नोंद स्वतंत्र कारागीर म्हणून करून घेण्यात आली, म्हणजे मालकाची जबाबदारी संपली. पण स्वयंपाकघरातले ते काम म्हणजे काम आहे, एवढे तरी देशाच्या कायद्यात लिहिले गेले. ते लिहिले जाण्यासाठी संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

ही झाली घरातली बाजू. आता दिवाणखान्याची बाजू पाहू. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी नावाच्या गृहस्थाने आपल्या राहत्या घरी अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या मोजक्या खरेदीदारांना बोलावले आणि इटलीच्या कपड्यांचे प्रदर्शन मांडले. तोवर कपड्यांच्या बाबतीत जगाची काशी म्हणजे पॅरिस. त्या पहिल्या मांडणीतच गाल्याते गावच्या मिर्सा या विणकामशाळेचे कपडे होते. ती ओल्गा दी ग्रेझी या बाईंनी चालविली होती. पुढच्याच वर्षी, १९५२ च्या जुलैत, ही प्रदर्शने पित्ती राजवाड्याच्या शुभ्र दालनात भरू लागली. ज्या वाड्यात एलेओनोराचे विणलेले मोजे आज आहेत, तोच हा वाडा. आजीबाईचे काम राजदरबारी आले, असे म्हटले तरी चालेल.

यानंतर जी नावे जगभर झाली, ती बहुतेक छोट्या घरांतूनच वर आली. ओत्ताव्हियो मिस्सोनी हा मूळचा धावपटू. महायुद्धात एल अलामीनच्या लढाईत पकडला गेला आणि इजिप्तमध्ये चार वर्षे युद्धकैदी होता. सुटून आल्यावर त्याने एका खेळाडू मित्राबरोबर व्यायामाचे विणलेले पोशाख करायला घेतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीच्या चमूने तेच पोशाख घातले, आणि तो स्वतः चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत सहावा आला. त्या वेळी रोझिता येल्मिनी ही मुलगी इंग्रजी शिकायला लंडनला आलेली होती. तिच्या घरचा शालींचा कारखाना. १९५३ साली दोघांचे लग्न झाले आणि गाल्लाराते गावात एका तळघरात त्यांनी विणयंत्रे मांडली. आरंभी त्या यंत्रांवर पट्ट्यांपलीकडे फारसे काही निघत नसे. आपण असतो तर यंत्राला दोष देऊन मोकळे झालो असतो. त्यांनी पट्टेच घेतले आणि रंगांचा मेळ असा बसवला की तीच त्यांची ओळख झाली. १९६२ पासून त्यांनी शाली विणण्याच्या राशेल यंत्रावर कपडे विणायला घेतले, आणि त्यातून नागमोडी पट्ट्यांचे त्यांचे प्रसिद्ध काम उभे राहिले. ओत्ताव्हियो २०१३ साली वारले आणि रोझिताबाई १ जानेवारी २०२५ रोजी.

शिक्षकवर्गासाठी एक नाव मुद्दाम सांगतो. मारियुच्चा मान्देल्ली या बाई मूळच्या शिक्षिका. १९५४ साली त्यांनी मिलानला क्रित्सिया नावाने आपले दुकान थाटले; हे नाव त्यांनी प्लेटोच्या एका संवादावरून घेतले होते! पुढे त्यांच्या स्वेटरांवर निरनिराळे प्राणी अवतरले आणि लोकांना त्यांचे वेड लागले. तिसरी गोष्ट त्रेव्हीजो भागातील बेनेत्तोन भावंडांची. बहीण जुलियाना विणी आणि भाऊ लुचानो विकी. पहिले यंत्र घेण्यासाठी लुचानोने आपला अकॉर्डियन विकला, असे सांगतात. १९६५ साली त्यांची कंपनी उभी राहिली. त्यांची एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. आधी सूत रंगवून मग विणायचे, ही रूढ रीत. त्यांनी कपडा बिनरंगी विणून ठेवला आणि बाजारात कोणता रंग चालतो ते पाहून मग रंगवला. न खपणाऱ्या रंगाचा साठा पडून राहण्याचे भय गेले.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. मुले इटलीतच का जातात? माझ्या मते, याचे उत्तर त्या देशाच्या शेजारधर्मात आहे. बिएल्लाला लोकरीच्या गिरण्या, प्रातोला जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याचा पिढीजात धंदा, कार्पीला विणणारे, मिलानला विकणारे. सारे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर. १९७७ पासून फ्लॉरेन्सला नुसत्या सुताची जत्रा भरते. तिचे नाव पित्ती फिलाती. तिथे सूतगिरणीवाला, विणणारा आणि रचनाकार एकाच टेबलाशी बसून पुढच्या हंगामाचा विचार करतात. या शेजारालाच पुढे शाळांची जोड मिळाली. मिलानला मारांगोनी १९३५ मध्ये निघाली, रोमची वस्त्र व फॅशन अकादमी १९६४ मध्ये, फ्लॉरेन्सची पोलिमोदा १९८६ मध्ये. सान मार्तीनो इन रिओ या लहानशा गावी देआन्ना फेर्रेत्ती या विणकाम-उद्योजिकेने विणलेल्या कपड्यांचा आणि हजारो नमुन्यांचा संग्रह केला आहे. रोमच्या अकादमीने विणकामाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला, तो या संग्रहाच्याच साथीने. आपल्याकडे जुन्या पोथ्या चाळायला संशोधक जातात ना, तशी ती मुले तिथे जुने टाके चाळायला जातात.

शिकायचे काय? आधी हाताचे यंत्र. एक वीतभर चौकोन विणायचा, टाके मोजायचे, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा मोजायचा. त्यावरून त्रैराशिक मांडायचे: इतक्या रुंदीत इतके टाके, तर छातीच्या घेरात किती? ज्या मुलीला त्रैराशिक आवडत नाही, तिला हे सोपे जायचे नाही. मग जोडकाम, मग संगणकावर टाक्यांचे नकाशे. १९९५ साली मिलानच्याच यंत्रप्रदर्शनात जपानच्या शिमा सेकी कंपनीने असे यंत्र मांडले की, सबंध स्वेटर शिवणीशिवाय एकसंध बाहेर पडतो. चौदाव्या शतकातल्या त्या चित्रात माउली गोल विणते आहे, तेही बिनशिवणीचेच. यंत्राला तिथवर पोचायला साडेसहाशे वर्षे लागली.

तथापि सगळे गोड आहे असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. १९९० नंतर पुष्कळसे काम स्वस्त मजुरीच्या देशांत गेले. कार्पीच्या कित्येक घरांतली खडखड थांबली. दुसरीकडे परदेशांतून आलेले मजूर खुद्द इटलीतल्या कार्यशाळांत राबू लागले. १ डिसेंबर २०१३ रोजी प्रातोच्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि सात चिनी कामगार मेले. ते कारखान्यातच झोपत होते. इटलीत तयार झालेला कपडा म्हणून ज्याची किंमत चढते, तो कोणाच्या हातून तयार झाला, हा प्रश्न १९७३ च्या कायद्याने सुटला, असे कोणी म्हणू नये.

म्हणून गुरुजींना मी जे सांगितले, तेच आपल्याला सांगतो. मी म्हटलं, "गुरुजी, मुलीला जाऊ द्या. लोकांनी विचारलं, तर सांगा, गणित आणि चित्रकला आणि सुताचं शास्त्र शिकायला गेलीय. आणि तिला एवढं सांगा, की तिथं मोठ्या नावांच्या पाट्या बघून भुलू नकोस. तुझा नमुना जी बाई टाक्याला टाका मिळवून जोडील, तिच्या शेजारी चार दिवस बस. तिचं कसब शीक, आणि तिला किती मजुरी मिळते तेही विचार."

गुरुजी हसले. म्हणाले, "हे शेवटचं कुठल्या परीक्षेत येत नसेल, सर."

"नसेल," मी म्हटलं. "पण पुढंमागं ती स्वतः कोणाला काम देईल, तेव्हा येईल."

त्या रात्री घरी जाऊन गुरुजींनी म्हणे आपल्या आईला विचारलं, की आई, एवढे स्वेटर विणलेस, किती झाले असतील? म्हातारीला आकडा सांगता आला नाही. कोणी कधी मोजलेच नव्हते. आता नात जायच्या आधी आजीपाशी बसून जुन्या नमुन्यांचे टाके वहीत उतरवून घेत होती, असे गुरुजींनी मला नंतर सांगितले. ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनीही एक वही घालून बसावे, एवढीच विनंती.